डोमेन आणि रेंज काढताना: आधी काय, नंतर काय आणि चुकतं कुठे

कोल्हापूरच्या राजारामपुरीत मी अकरावी-बारावी सायन्सच्या मुलांना गणित शिकवतो. दर वर्षी फंक्शनचा धडा संपला की वह्या तपासायला घेतो आणि त्याच पाच-सहा चुका पुन्हा समोर येतात. दहावीला गणितात नव्वदच्या वर मार्क असलेली मुलंसुद्धा त्यात असतात. आकडेमोड बहुतेकांना नीट जमते, पायऱ्यांचा क्रम मात्र उलटासुलटा झालेला असतो. म्हणून हा लेख क्रमानेच वाचा, आणि शेजारी वही-पेन्सिल ठेवून वाचा.

फंक्शनमध्ये आत घालायच्या संख्येला इथे क्ष म्हणू आणि बाहेर येणाऱ्या संख्येला य. वहीत तुम्ही नेहमीची इंग्रजी अक्षरं वापरालच. जे जे क्ष घातले की उत्तर वास्तव संख्येत मिळतं, त्या सगळ्यांचा संच म्हणजे डोमेन. त्या डोमेनमधले सगळे क्ष घातल्यावर जे जे य प्रत्यक्ष बाहेर पडतात, त्यांचा संच म्हणजे रेंज. या दुसऱ्या वाक्यातले 'त्या डोमेनमधले' हे शब्द मुलं विसरतात, आणि रेंजच्या निम्म्या चुका तिथूनच निघतात.

## तयारी: हे आधी पक्कं करा

कंस. चौकोनी कंस म्हणजे टोकाची संख्या आत धरली, साधा कंस म्हणजे ती सोडली. [२, ५) मध्ये २ आहे, ५ नाही. अनंताच्या शेजारी नेहमी साधा कंस, कारण अनंत ही संख्या नाही.

असमानता. क्ष² ≤ १६ हे एकदा सोडवून बघा. उत्तर 'क्ष ≤ ±४' असं लिहिलं असेल तर इथेच थांबा आणि तो भाग आधी करा. बरोबर उत्तर −४ ≤ क्ष ≤ ४ असं आहे. आणि क्ष² ≥ १६ असेल तर उत्तर दोन तुकड्यांत येतं: क्ष ≤ −४ किंवा क्ष ≥ ४.

दहावीची दोन हत्यारं: पूर्ण वर्ग पद्धत आणि विवेचक. रेंज काढताना दोन्ही लागतात.

## टप्पा १: गणित दिलंय तसं उतरवा, सोपं रूप देऊ नका

सगळ्यात महाग पडणारी चूक ही आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

य = (क्ष² − ९)/(क्ष − ३) घ्या. हात लगेच शिवशिवतात: अंशाचे अवयव पाडले, (क्ष − ३) ला (क्ष − ३) गेलं, राहिलं क्ष + ३. मग उत्तर येतं: डोमेन सर्व वास्तव संख्या, रेंज सर्व वास्तव संख्या. दोन्ही चूक. मूळ रूपात क्ष = ३ घातलं की छेद शून्य होतो, म्हणून ३ डोमेनमध्ये नाही. आणि क्ष ला ३ होताच येत नसेल, तर क्ष + ३ ला ६ होता येत नाही. म्हणून डोमेन ३ सोडून सर्व वास्तव संख्या, आणि रेंज ६ सोडून सर्व वास्तव संख्या. घाईने काटाकाटी केली आणि दोन्ही उत्तरं गेली.

लॉगमध्येही हेच. लॉग(क्ष²) मध्ये क्ष ऋण चालतो, फक्त शून्य चालत नाही. त्याचं २ लॉग(क्ष) केलं की सगळे ऋण क्ष हातचे जातात. वर्गमुळातही तेच: √(क्ष − १) × √(क्ष − ५) साठी क्ष ≥ ५ लागतो, कारण दोन्ही मुळं वेगवेगळी अस्तित्वात असायला हवीत. दोन्ही एकाच मुळाखाली आणली, √((क्ष − १)(क्ष − ५)) केलं, तर क्ष ≤ १ सुद्धा चालायला लागतो. दिसायला सारखी वाटली तरी ही दोन वेगळी फंक्शन आहेत.

रूप सोपं करायला माझी ना नाही. ते डोमेन लिहून झाल्यावर करा, आणि वगळलेल्या संख्या बाजूला लिहून ठेवून करा.

सावधान: ग्राफ काढणाऱ्या अॅपमध्ये वरचं (क्ष² − ९)/(क्ष − ३) टाकलं तर सरळ अखंड रेषा दिसते. ३ पाशी असलेलं भोक एका बिंदूएवढं आहे, ते नुसत्या नजरेला सापडत नाही. अॅपवर रेषा अखंड दिसली म्हणून डोमेन अखंड धरू नका.

## टप्पा २: अटींची यादी करा

अजून काही सोडवायचं नाही. फंक्शनवर डावीकडून उजवीकडे बोट फिरवा आणि पुढचं काही दिसलं की एक ओळ लिहा:

- छेद दिसला: छेद ≠ ०.
- सम मूळ (वर्गमूळ, चौथं मूळ) दिसलं: आतलं ≥ ०.
- सम मूळ एकटंच छेदात असेल: आतलं > ०, बरोबरचं चिन्ह जातं.
- लॉग दिसला: आतलं > ०. लॉगच्या पायात (बेसमध्ये) क्ष असेल तर पाया > ० आणि पाया ≠ १ अशा आणखी दोन ओळी.
- साइन किंवा कोसाइनचं व्यस्त फंक्शन (sin⁻¹, cos⁻¹) दिसलं: आतलं −१ ते १, टोकं धरून.

घनमूळ दिसलं तर काही लिहायचं नाही. ऋण संख्येचं घनमूळ असतं: −८ चं −२. मुळाचं चिन्ह दिसलं की सवयीने '≥ ०' लिहिणारी मुलं इथे अर्धं डोमेन फेकून देतात.

अटी गणितातूनच येतात असंही नाही. समजा शेताच्या आयताकृती तुकड्याला कुंपण घालायचंय आणि तार ४०० मीटर आहे. एक बाजू क्ष मीटर, तर दुसरी २०० − क्ष, आणि क्षेत्रफळ य = क्ष(२०० − क्ष). नुसत्या सूत्राला कुठलाच क्ष चालतो, पण शेताला बाजू ऋण किंवा शून्य चालत नाही. म्हणून डोमेन (०, २००). शाब्दिक उदाहरणात ही ओळ सूत्राच्या आधी लिहा. याची रेंज (०, १००००] येते, सर्वांत मोठं क्षेत्र दोन्ही बाजू १०० असताना, म्हणजे बरोबर एक हेक्टर.

तपासा: यादीत किती ओळी झाल्या आणि फंक्शनमध्ये छेद, सम मुळं, लॉग मिळून किती आहेत हे मोजा. ओळी कमी भरल्या तर काहीतरी सुटलंय.

## टप्पा ३: प्रत्येक अट स्वतंत्र सोडवा, तिरकस गुणाकार टाळा

य = √((क्ष − २)/(क्ष + ३)). अट: (क्ष − २)/(क्ष + ३) ≥ ०, आणि क्ष ≠ −३.

"सर, तिरकस गुणाकार केला की!" हे मला दर बॅचला ऐकायला मिळतं. (क्ष + ३) पलीकडे नेलं, तिकडे शून्याशी गुणाकार होऊन शून्य राहिलं, क्ष − २ ≥ ०, म्हणून क्ष ≥ २. समीकरणात हे चालतं. असमानतेत ऋण संख्येने गुणलं की चिन्ह उलटतं, आणि (क्ष + ३) धन आहे की ऋण हे आपल्याला माहीत नसतं. त्यामुळे गुणायचंच नाही.

त्याऐवजी संख्यारेषा काढा. जिथे अंश किंवा छेद शून्य होतो त्या संख्या तिच्यावर मांडा: −३ आणि २. रेषेचे तीन तुकडे झाले. प्रत्येक तुकड्यातली एकच सोपी संख्या घालून चिन्ह बघा:

- −४ घातलं: (−६)/(−१) = ६, धन. चालेल.
- ० घातलं: (−२)/३, ऋण. चालणार नाही.
- ३ घातलं: १/६, धन. चालेल.

टोकं शेवटी बघा. २ पाशी किंमत शून्य येते आणि शून्याचं वर्गमूळ असतं, म्हणून २ आत. −३ पाशी छेद शून्य, म्हणून −३ बाहेर. उत्तर: (−∞, −३) ∪ [२, ∞).

कागलहून एसटीने येणाऱ्या एका मुलीची वही मला अजून आठवते. तिने हे उत्तर आधी बरोबर काढलं होतं. मग खोडलं होतं, इतकं जोरात की कागद तिथे पातळ झाला होता, आणि वर पेनाने [२, ∞) लिहिलं होतं. शेजारच्या तिघींचं उत्तर तसं आलं होतं, एवढंच कारण. मी तिला काही समजावलं नाही. "−४ घाल" म्हटलं. तिने समासात मांडलं: वर −६, खाली −१, सहा, त्याचं वर्गमूळ √६. दोन क्षण बघत राहिली आणि खोडलेलं उत्तर पुन्हा ठळक करून लिहिलं. तुमच्यावर अशी वेळ आली तर हेच करा. जो तुकडा सोडून द्यावासा वाटतोय, त्यातली एक संख्या मूळ फंक्शनमध्ये घालून बघा. उत्तर वास्तव आलं तर तो तुकडा डोमेनमध्ये आहे, शेजारचे काहीही म्हणोत.

## टप्पा ४: अटी एकत्र करा

सगळ्या अटी एकाच वेळी पाळल्या गेल्या पाहिजेत, म्हणून त्यांचा छेद घ्यायचा, संयोग नव्हे. मराठी माध्यमातून आलेल्यांनी इथे थोडं जपा. अपूर्णांकाच्या खालच्या भागालाही आपण छेद म्हणतो आणि दोन संचांतल्या सामाईक भागालाही. एकाच गणितात दोन्ही 'छेद' येतात आणि वहीत गोंधळ होतो. मी मुलांना दुसऱ्यासाठी 'सामाईक भाग' असंच लिहायला लावतो.

उदाहरण: य = √(१६ − क्ष²)/लॉग(क्ष + ३).

यादी करू. मुळासाठी १६ − क्ष² ≥ ०, म्हणजे −४ ≤ क्ष ≤ ४. लॉगसाठी क्ष + ३ > ०, म्हणजे क्ष > −३. इथे बहुतेक जण थांबतात आणि (−३, ४] लिहितात. पण लॉग छेदात बसलाय, म्हणून तो शून्य होता कामा नये. १ चा लॉग शून्य असतो, म्हणून क्ष + ३ ≠ १, म्हणजेच क्ष ≠ −२. एकाच लॉगवर दोन अटी लागल्या, आणि दुसरी हमखास सुटते.

आता तिन्ही अटी एकाखाली एक तीन संख्यारेषांवर काढा, तीच मापं तीच जागा धरून. जिथे तिन्ही रेषा गडद आहेत तो सामाईक भाग: (−३, −२) ∪ (−२, ४].

संयोगाचं चिन्ह उत्तरात दिसतंय म्हणून घाबरू नका. सामाईक भागच दोन तुकड्यांत पडला, म्हणून ते तुकडे जोडून लिहिले.

## टप्पा ५: रेंजला हात घालण्याआधी प्रश्न बदला

डोमेनचा प्रश्न असतो: हा क्ष चालेल का? रेंजचा प्रश्न असतो: हा य मिळवून देणारा एखादा तरी क्ष डोमेनमध्ये आहे का? पानावर हा प्रश्न खरोखर लिहा. मग टोकं घालून रेंज काढण्याची सवय सुटते.

ती सवय काय करते ते बघा. य = √(१६ − क्ष²), डोमेन [−४, ४]. −४ घातलं, ० आलं. ४ घातलं, ० आलं. "रेंज फक्त शून्य." पण मध्ये क्ष = ० असताना य = ४ आहे.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी मोजतात. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. पावसाळ्यात कोल्हापुरात हे आकडे सगळ्यांच्या तोंडी असतात. समजा १ जुलैला पातळी २० फूट होती आणि ३१ ऑगस्टला २२ फूट. तेवढ्यावरून कोणी म्हणेल का, की दोन महिने नदी २० ते २२ फुटांतच होती? मधल्या काळात ती ४३ ओलांडून गेली असेल आणि जनावरं हलवायची वेळ आली असेल. इथे काळ हे डोमेन आणि पातळी ही रेंज. रेंजसाठी बघायची ती सगळ्यात खालची आणि सगळ्यात वरची पातळी, पहिल्या आणि शेवटच्या दिवसाची नव्हे.

## टप्पा ६: फंक्शन बघून रीत निवडा

आतून बाहेर बांधत जाणे. क्ष एकाच ठिकाणी असेल, किंवा पूर्ण वर्ग करून एकाच ठिकाणी आणता येत असेल, तर ही रीत. √(१६ − क्ष²) मध्ये क्ष² हा ० ते १६, म्हणून १६ − क्ष² हाही ० ते १६, म्हणून मूळ ० ते ४. रेंज [०, ४].

य = क्ष² − ६क्ष + ११ चं (क्ष − ३)² + २ करा. वर्ग ० पासून पुढे, म्हणून रेंज [२, ∞). पण डोमेन [१, ४] दिलं असेल तर? १ पाशी ६, ४ पाशी ३, आणि मध्ये ३ पाशी २. रेंज [२, ६]. टोकांवरून [३, ६] लिहिणारे तळ विसरले.

त्याचाच व्यस्त घ्या: १/(क्ष² − ६क्ष + ११). छेद २ पासून अनंतापर्यंत, म्हणून रेंज (०, १/२]. शून्याशी साधा कंस, कारण १ ला कितीही मोठ्या संख्येने भागलं तरी शून्य येत नाही.

सावधान: छेद ऋणातून धनात जात असेल तर व्यस्त घेताना तुकडे वेगळे करा. १/(क्ष² − ४) मध्ये छेद −४ पासून पुढे जातो, शून्य सोडून. ऋण तुकडा [−४, ०) देतो (−∞, −१/४], धन तुकडा देतो (०, ∞). रेंज या दोहोंचा संयोग. −१/४ आणि ० यांच्यातला य कधीच मिळत नाही, शून्यही नाही.

क्ष ला य च्या रूपात मांडणे. य = (२क्ष + १)/(क्ष − ३) सारखं असेल तर. य(क्ष − ३) = २क्ष + १, त्यावरून क्ष(य − २) = ३य + १, म्हणून क्ष = (३य + १)/(य − २). य ला २ होता येत नाही. रेंज २ सोडून सर्व वास्तव संख्या.

या रीतीत वर्ग केला की फसगत होते. य = √(क्ष − २) चा वर्ग केला, क्ष = य² + २ आलं, "इथे य कोणताही चालतो, म्हणून रेंज सर्व वास्तव संख्या." पण वर्गमुळाचं चिन्ह कधीच ऋण संख्या देत नाही. वर्ग करण्याआधी बाजूला य ≥ ० लिहून ठेवा. रेंज [०, ∞).

विवेचक. अंशात किंवा छेदात क्ष² असेल तर. य = क्ष/(क्ष² + १) चं यक्ष² − क्ष + य = ० होतं. क्ष वास्तव हवा, म्हणून १ − ४य² ≥ ०, म्हणजे −१/२ ≤ य ≤ १/२. य = ० असताना हे वर्गसमीकरणच राहत नाही, म्हणून तो वेगळा बघायचा: क्ष = ० मिळतो आणि तो डोमेनमध्ये आहे. रेंज [−१/२, १/२].

आता हुशार मुलंही जिथे अडखळतात ते उदाहरण: य = (क्ष² − ३क्ष + २)/(क्ष² − क्ष − २).

छेद (क्ष − २)(क्ष + १), म्हणून डोमेनमधून २ आणि −१ बाहेर. समीकरण मांडलं: (य − १)क्ष² + (३ − य)क्ष − (२य + २) = ०. विवेचक येतो (३य − १)². वर्ग आहे, कधीच ऋण होत नाही. म्हणून रेंज सर्व वास्तव संख्या?

टप्पा ५ चा प्रश्न विचारा: मिळणारा क्ष डोमेनमध्ये आहे का? य = १/३ घाला; समीकरण क्ष² − ४क्ष + ४ = ० होतं, क्ष फक्त २, आणि २ तर बाहेर काढलाय. य = १ घाला; २क्ष − ४ = ० उरतं, पुन्हा क्ष = २. म्हणून १ आणि १/३ दोन्ही रेंजमधून जातात. अंशातही (क्ष − २) होता, त्यामुळे हे घडलं. विवेचक लावण्याआधी अंश-छेदात सामाईक अवयव आहे का ते बघा. असेल तर डोमेन लिहून ठेवून मगच तो काटा: (क्ष − १)/(क्ष + १), शिवाय क्ष ≠ २. मग तीच रेंज दोन ओळींत निघते.

आलेख. केवल मूल्य, तुकड्यातुकड्यांत दिलेलं फंक्शन, ग्रेटेस्ट इंटीजर यांना कच्चा आलेख सगळ्यात बरा. |क्ष − २| + |क्ष + १| मध्ये −१ आणि २ यांच्यात किंमत कायम ३, बाहेर वाढत जाते. रेंज [३, ∞). ग्रेटेस्ट इंटीजर म्हणजे त्या संख्येइतका किंवा तिच्याहून लहान असा सर्वांत मोठा पूर्णांक, −२.३ साठी तो −३ आहे, −२ नाही. क्ष मधून हा पूर्णांक वजा केला की रेंज [०, १).

## टप्पा ७: उत्तर लिहिण्याआधीची तपासणी

डोमेनसाठी तीन संख्या घाला: एक आतली, एक बाहेरची, एक टोकाची. घरी कॅल्क्युलेटरवर मूळ फंक्शन टाका. बाहेरच्या संख्येला एरर आली पाहिजे.

रेंजसाठी टोकाचा य घ्या आणि तो देणारा क्ष सांगा. [०, ४] मधल्या ४ साठी क्ष = ०, सापडला, चौकोनी कंस बरोबर. (०, १/२] मधल्या ० साठी क्ष सापडत नाही, साधा कंस बरोबर. प्रत्येक कंसाला असा पुरावा असला पाहिजे.

सीईटीत गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात. तिथे चारही पर्याय वाचा आणि ते कुठल्या संख्येवरून वेगळे पडतात ते शोधा. दोन पर्यायांत फक्त २ च्या कंसाचा फरक असेल तर थेट २ घाला. तीनमध्ये ऋण तुकडा नसेल आणि एकात असेल तर −४ सारखी एक ऋण संख्या घाला. बहुतेक वेळा एका-दोन संख्यांत निकाल लागतो. बोर्डाच्या पेपरला मात्र अटींची यादी, संख्यारेषा आणि सामाईक भाग हे तिन्ही कागदावर दिसू द्या. शेवटचा कंस चुकला तरी आधीच्या पायऱ्या तपासनिसाला दिसतात.